मुळेतला वाळूचा टेम्पो आणि घटनेतल्या तीन याद्या

समजा, राहुरी तालुक्यात मुळा नदीच्या पात्रातून रात्री वाळू भरून निघालेला एक टेम्पो पोलिसांनी अडवला. चालकाकडे परवाना नाही, वाहतुकीची पावती नाही. टेम्पो ठाण्याच्या आवारात आणला जातो, पंचनामा होतो, किती ब्रास वाळू आणि गाडीची किंमत किती असा मुद्देमाल लिहिला जातो आणि एक हवालदार सरकारतर्फे फिर्याद देतो. नगर जिल्ह्यातल्या वाचकाला ही बातमी नवी नाही. पण या एका फिर्यादीच्या कागदावर दिल्ली, मुंबई आणि तालुका या तिघांचे अधिकार एकमेकांत कसे गुंतलेत ते नीट दिसते. एखादा भीषण गुन्हा घडला की लोक विचारतात, ‘सगळ्या राज्यांचे पोलीस एकाच राष्ट्रीय हाताखाली का आणत नाहीत? सगळीकडे एकच कायदा का नाही?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर या टेम्पोच्या कागदातच आहे.

फिर्यादीत पहिले कलम लागते भारतीय न्याय संहितेचे ३०३(२), म्हणजे चोरी. ३० जून २०२४ पर्यंत तेच भारतीय दंड संहितेचे ३७९ होते. हा संसदेचा कायदा. राहुरीत जे कलम, तेच कोची आणि गुवाहाटीत. त्याच्या जोडीला येतो खाणी आणि खनिजांचा १९५७ चा कायदा. तोही संसदेचाच, पण वाळू गौण खनिज असल्याने तिचे नियम करण्याची मुभा त्याच कायद्याने राज्यांना दिली आहे. तिसरा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६. तिच्या कलम ४८ खाली दंड आकारण्याचे काम महसूल खात्याचे, म्हणजे तहसीलदारांचे. पोलिसांचा त्यात हात नाही. तोच माणूस पुन्हा पुन्हा सापडू लागला तर जिल्हाधिकारी त्याला एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्ध करू शकतात. हा १९८१ चा राज्याचा कायदा असून वाळू तस्करांचा समावेश त्यात नंतर झाला. खनिज कायदा असताना पोलीस चोरीचा गुन्हा लावू शकतात का, हा वाद बरीच वर्षे चालला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: परवान्याचा भंग हा एक गुन्हा, आणि शासनाच्या मालकीची वाळू नदीतून उचलणे ही वेगळी चोरी.

एका टेम्पोमागे इतके कायदे का, याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. अनुच्छेद २४६ प्रमाणे कायदे करण्याचे विषय तीन याद्यांत वाटलेले आहेत: संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. राज्यसूचीतली पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची. समवर्ती सूचीतली पहिली नोंद फौजदारी कायद्याची, दुसरी फौजदारी प्रक्रियेची. म्हणजे गुन्हा कशाला म्हणायचे आणि खटला कसा चालवायचा, हे संसद ठरवू शकते. पण तो गुन्हा शोधणारी खाकी राज्याची. समवर्ती विषयात राज्यालाही कायदा करता येतो, मात्र तो केंद्राच्या कायद्याला छेद देत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. फौजदारी कायद्याच्या एकीकरणाचा प्रश्न घटनेने असा बराचसा सोडवून ठेवलेला आहे. मोकळा राहिलेला प्रश्न पोलिसांचा.

राज्यसूचीतल्या दुसऱ्या नोंदीत ‘पोलीस’ या शब्दापाठोपाठ कंसात रेल्वे आणि ग्राम पोलीसही आहेत. ही दोन्ही टोके राहुरीत सहज दिसतात. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या राहुरी स्थानकात प्रवाशाची बॅग चोरीला गेली, तर तपास लोहमार्ग पोलिसांचा; ते राज्याचे. तिथेच रेल्वेच्या सामानाची राखण करणारे रेल्वे सुरक्षा दल मात्र १९५७ च्या कायद्याने उभे राहिलेले केंद्राचे दल. एकाच फलाटावर दोन गणवेश, दोन मालक. दुसरे टोक गावात. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ खाली नेमलेला पोलीस पाटील हा ठाण्याचा गावातला डोळा. पण त्याची नेमणूक पोलीस करत नाहीत, प्रांताधिकारी करतात. पात्रात रात्री गाड्या उतरतात, ही खबर पुष्कळदा त्याच्याकडूनच निघते. राष्ट्रीय पोलीस दलाच्या आराखड्यात या माणसाला कुठे बसवायचे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही, आणि खेड्यातल्या पोलीसकामाचा पाया तोच आहे.

आता टेम्पो अडवणाऱ्यांकडे पाहू. शिपाई जिल्ह्याच्या पोलीस भरतीतून आलेला असतो: मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, आणि नेमणूक पोलीस अधीक्षकांची. थेट भरतीचा उपनिरीक्षक महाराष्ट्र लोकसेवा आयोगातून येतो आणि नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत घडतो. अधीक्षक भारतीय पोलीस सेवेतले असतील तर निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाची, शिक्षण हैदराबादच्या सरदार पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत. त्यांची बदली करते राज्याचे गृह खाते, पण त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार राज्याला नाही. तो राष्ट्रपतींच्या नावे केंद्राकडे. घटनेच्या अनुच्छेद ३१२ मधली ही अखिल भारतीय सेवा राज्याच्या दलात अशी वरून गुंफलेली आहे. अधीक्षकांच्या वर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक, त्यांच्या वर मुंबईत पोलीस महासंचालक. पगार राज्याच्या तिजोरीतून. दलाची शिस्त आणि अधिकार ठरवणारा कायदाही राज्याचाच: १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात.

ही विभागणी १९५० साली कुणी टेबलावर बसून शोधून काढलेली नाही. दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून सगळ्या ब्रिटिश मुलखात लागू झाली. पोलिसांचा १८६१ चा कायदाही आला, पण मुंबई इलाख्याने जिल्हा पोलिसांसाठी आपला वेगळा कायदा ठेवला, १८९० चा. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात पोलीस प्रांतांच्या यादीत आणि फौजदारी कायदा सामाईक यादीत गेला. घटनाकारांनी ती रचना जवळपास तशीच उचलली.

पण ‘सगळ्या ब्रिटिश मुलखात’ म्हणजे सगळ्या देशात नव्हे, आणि हे नगर जिल्ह्याइतके जवळून फार थोड्या जिल्ह्यांनी पाहिले असेल. राहुरीच्या शेजारी नेवासे तालुका. तिथे प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडली की १९४८ पर्यंत निजामाचे राज्य लागे. हैदराबाद संस्थानाचे फौजदारी कायदे वेगळे, न्यायालये वेगळी, पोलीस वेगळे. इकडे दरोडा घालून माणूस नदीपार गेला की मुंबई इलाख्याच्या फौजदाराचा अधिकार काठावर संपे आणि संस्थानाशी पत्रव्यवहार सुरू होई. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले, तरी तिथले कायदे एका रात्रीत बदलले नाहीत. दंड संहिता आणि इतर केंद्रीय कायदे हैदराबादेत पूर्णपणे लागू झाले ते १ एप्रिल १९५१ ला, ‘ब’ वर्ग राज्यांविषयीच्या कायद्याने. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. जम्मू-काश्मीरची वेगळी रणबीर दंड संहिता तर ३१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत टिकली. फौजदारी कायद्याचे राष्ट्रीय एकीकरण त्या दिवशी खऱ्या अर्थाने पुरे झाले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गोष्टीवर बोट ठेवले होते. संघराज्य असूनही देश एकसंध राहावा म्हणून त्यांनी तीन साधने सांगितली: एकच न्यायव्यवस्था, मूलभूत दिवाणी व फौजदारी कायद्यांत एकरूपता, आणि महत्त्वाच्या पदांसाठी समाईक अखिल भारतीय सेवा. पोलीस दलाचे एकत्रीकरण या तिघांत नाही. मला ते फार अर्थपूर्ण वाटते. राहुरीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपासून जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालय अशी एकच शिडी आहे, आणि तीवर दंड संहितेचा खटलाही चढतो, राज्याच्या दारूबंदी कायद्याचाही. अमेरिकेत राज्यांची आणि केंद्राची न्यायालये वेगळी, आणि दंड संहिता प्रत्येक राज्याची निराळी. आपण त्या वाटेने गेलो नाही, हे चांगलेच झाले.

मात्र कायदा राष्ट्रीय झाला म्हणजे तो न्याय्य झाला, असे मानू नये. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत पोचला, तोही केंद्रीय कायदाच होता. नगर, सोलापूर या पट्ट्यातल्या पारधी आणि इतर भटक्या जमातींची माणसे जन्मानेच संशयित ठरली, हजेरीला बांधली गेली, तारेच्या कुंपणात राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, पण ठाण्यांच्या सवयीतून तो पुरता गेलेला नाही. चोरी झाली की पहिली चौकशी आजही पालांकडे वळते. दिल्लीतून एका कलमाने झालेली चूक एकाच वेळी हजारो ठाण्यांत जाऊन बसते आणि कायदा गेला तरी ती तिथून लवकर निघत नाही.

१ जुलै २०२४ ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा हे यंत्र कसे चालते, ते राहुरीने एका फार दुःखद प्रकरणात पाहिले. जानेवारी २०२४ मध्ये राहुरी न्यायालयात वकिली करणाऱ्या एका दांपत्याचे अपहरण होऊन खून झाला. राज्यभरचे वकील हादरले, कामकाज बंद राहिले, वकील संरक्षण कायद्याची मागणी पुन्हा उठली. राज्य सरकारने तपास सीआयडीकडे दिला. पाच महिन्यांनी देशाचा फौजदारी कायदा बदलला, तरी या गुन्ह्याला जुन्या दंड संहितेचे कलम ३०२ च लागू राहते, नवे १०३ नाही. गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदाच लावायचा, हे घटनेच्या अनुच्छेद २० मधले संरक्षण आहे. नव्या प्रक्रिया संहितेनेही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आधीपासून चालू असलेले तपास आणि खटले जुन्याच प्रक्रियेने पुढे न्यायला सांगितले आहे. त्यामुळे राहुरीच्या आणि देशातल्या प्रत्येक न्यायालयात पुढची बरीच वर्षे दोन्ही संहिता शेजारी शेजारी चालतील.

इथे सीआयडी आणि सीबीआय यांची गल्लत होते, ती दूर करायला हवी. सीआयडी हा महाराष्ट्र पोलिसांचाच भाग; मुख्यालय पुण्यात. तपास तिकडे गेला तरी तो राज्यातच राहतो. सीबीआय केंद्राची, पण तिचा जन्म १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून झालेला. त्याच्या कलम ६ प्रमाणे राज्याच्या हद्दीत तपास करायला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये ही सर्वसाधारण संमती काढून घेतली आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा दिली. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तर मात्र संमतीची गरज उरत नाही. तिसरी राष्ट्रीय तपास यंत्रणा, एनआयए. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर २००८ सालीच तिचा कायदा झाला. दहशतवादासारखे ठरावीक गुन्हे ती राज्याला न विचारता स्वतःकडे घेऊ शकते. जानेवारी २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणाचा तपास पुणे पोलिसांकडून असाच तिच्याकडे गेला. राज्य सरकारने नाराजी जाहीर केली, पण कायद्याने त्याला थांबवता आले नाही. आजच्या घटनेत राष्ट्रीय नियंत्रण कुठवर येऊ शकते, ती हद्द ही. वाळूचा टेम्पो, शेताच्या बांधावरची मारामारी, विहिरीवरच्या मोटारीची चोरी तिच्या अलीकडे राहतात.

राज्यानेही कधी केंद्राच्या पुढे पाऊल टाकले आहे. संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने १९९९ साली मोक्का केला. त्यातल्या फोन ऐकण्याच्या तरतुदींवर आक्षेप आला, तेव्हा २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा अधिकार मान्य केला. न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीची जी व्याख्या आली आहे, तिच्यात मोक्काची छाप उघड दिसते. एका राज्याने पंचवीस वर्षे वापरून पाहिलेली गोष्ट मग देशाने घेतली. उलट अनुभवही आहे: महिलांवरील अत्याचारांसाठीचे शक्ती विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

नव्या प्रक्रिया संहितेने ठाण्याचे कामही बदलले. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद नोंदवून घ्यावीच लागते. ही झिरो एफआयआर मग योग्य ठाण्याकडे जाते. पुण्याला कामाला गेलेल्या राहुरीच्या मुलीला तक्रारीसाठी हद्दीचा वाद घालत बसण्याची गरज नाही. तक्रार मोबाइलवरून पाठवता येते, तीन दिवसांत सही करायची. झडतीचे चित्रीकरण सक्तीचे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत. या तरतुदी चांगल्या आहेत. पण तज्ज्ञ, गाडी, प्रयोगशाळा आणि चित्रीकरणाची साधने द्यायची राज्याने. कायदा संसदेत एका दिवसात मंजूर होतो; त्याची किंमत राज्याच्या अंदाजपत्रकातून वर्षानुवर्षे चुकवावी लागते. एकीकरणाच्या चर्चेत हा हिशेब क्वचितच निघतो.

जोडकामाचा आणखी एक धागा संगणकाचा. २००९ साली केंद्राने सीसीटीएनएस प्रकल्प हाती घेतला आणि देशभरची ठाणी एका जाळ्यात आली. राहुरीत नोंदलेला गुन्हा दुसऱ्या राज्यातल्या तपासी अंमलदाराला पाहता येतो. आरोपी परराज्यात पळाला तर आपला पोलीस तिथे जाऊन त्याला अटक करू शकतो. स्थानिक ठाण्याला कळवायचे आणि तिथल्या न्यायाधीशांकडून ट्रान्झिट रिमांड घेऊन आरोपीला इकडे आणायचे. १९४८ पूर्वीची गोदावरी इथे उरलेली नाही, आणि त्यासाठी पोलीस दले एक करावी लागली नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनी राज्यांच्या गृहमंत्र्यांपुढे ‘एक देश, एक पोलीस गणवेश’ हा विचार मांडला, तोही सूचना म्हणून. तो लादण्याचा अधिकार केंद्राला नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केंद्राची सशस्त्र दले राज्यांत पाठवण्याचा विषय संघसूचीत घातला, पण आणीबाणीतही पोलीस हा विषय राज्यांकडून काढला गेला नाही.

जगात दोन्ही नमुने आहेत. जर्मनीची रचना आपल्यासारखी: दंड संहिता एक, पोलीस प्रामुख्याने घटक राज्यांचे. नेदरलँड्सने २०१३ साली आपली प्रादेशिक दले एकाच राष्ट्रीय दलात मिसळली आणि त्याच वर्षी १ एप्रिलला स्कॉटलंडने आठ दलांचे एक केले. पण स्कॉटलंडची सगळी लोकसंख्या एकट्या मुंबई शहराहून कितीतरी कमी आहे. त्यांचे राष्ट्रीय म्हणजे आपल्या हिशेबाने जिल्हा-दोन जिल्हे.

माझे मत स्पष्ट आहे. कायदा देशाचा एक असावा आणि तो आहे. पोलिसांचा हुकूम मात्र जिथे लोक सरकारला निवडणुकीत जाब विचारू शकतात, तिथेच राहावा. आमदार राहुरीचा असतो, गृहमंत्री विधानसभेत उत्तर देतो. लोकसभेत राहुरी ठाण्याच्या कारभारावर कोण आणि कितीदा प्रश्न विचारणार? या जवळिकीचे दुखणेही मोठे आहे, ते लपवून चालणार नाही. वाळूचा टेम्पो अडवला की सुटकेसाठी फोन येतो, आणि न ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होते, ही तक्रार महाराष्ट्रभर आहे. यावर उपाय म्हणून प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात आदेश दिले: राज्य सुरक्षा आयोग, ठाण्याच्या प्रमुखाला आणि अधीक्षकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाल, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तपास आणि बंदोबस्त वेगळे, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण हे त्यांतले महत्त्वाचे. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त केला, पण अपवादात्मक कारणाने मुदतीआधी बदली करण्याची वाट त्यातच ठेवली. ही वाट बंद करणे हे खरे काम आहे. तेवढे न करता बदलीचे अधिकार दिल्लीला नेले, तर फोनचा पत्ता तेवढा बदलेल.

आणि ज्याची फिर्यादच घेतली जात नाही, त्याने काय करायचे हेही कायद्यात आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ठाण्याने नकार दिला तर मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. त्यांनीही दाद दिली नाही, तर शपथपत्रासह राहुरीच्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा; ते चौकशी करून तपासाचा आदेश देऊ शकतात. पोलिसाच्या गैरवर्तनाबद्दल तक्रार असेल तर ती २०१४ च्या दुरुस्तीने निर्माण झालेल्या पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाते. कायद्यात ते राज्य पातळीवर आणि विभागीय पातळीवर आहे, म्हणजे राहुरीसाठी नाशिक विभागाचे. अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची पोच जपून ठेवावी, कारण न्यायदंडाधिकारी आधी तीच मागतात.